१६२ सामन्यांची किंमत किती? मेजर लीग बेसबॉलची बाद फेरी कशी असावी?

तिसरा_बेस:
मी सान फ्रान्सिस्को जायंट्सचा पाठीराखा. लॉस एंजलिस डॉजर्स आमचे कट्टर वैरी, ते हरले की आमच्या घरात गोड होतं. तरीही हा धागा काढतोय तो डॉजर्सची बाजू घेऊन, यावरून विषय मला किती लागलाय ते समजून घ्या.

मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ साखळी सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. २०२२ मध्ये डॉजर्सनी त्यातले १११ जिंकले. मग पाचपैकी तीनच्या मालिकेत त्यांच्यासमोर ८९ विजयांचे पाद्रेस आले आणि ३-१ असे जिंकून गेले. त्याच आठवड्यात १०१ विजयांच्या अटलांटा ब्रेव्ह्जना ८७ विजयांच्या फिलाडेल्फिया फिलीजनी ३-१ असं घरी पाठवलं. पुढच्या वर्षी शंभरी गाठलेले तीन संघ होते: ब्रेव्ह्ज १०४, ओरिओल्स १०१, डॉजर्स १००. तिघेही आपल्या पहिल्याच मालिकेत बाद, आणि तिघांनी मिळून जिंकलेला सामना एक! वर्ल्ड सिरीज खेळले ९० विजयांचे रेंजर्स आणि ८४ विजयांचे डायमंडबॅक्स.

जे नियमित बघत नाहीत त्यांच्यासाठी सध्याची रचना थोडक्यात सांगतो. दोन लीग, प्रत्येकीत १५ संघ आणि तीन डिव्हिजन (गट). तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वाधिक विजयांचे तीन (वाइल्ड कार्ड) असे लीगमागे सहा संघ पुढे जातात. वरच्या दोन डिव्हिजन विजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट मिळते, तिला बाय म्हणतात. बाकीचे चार संघ तीनपैकी दोनची मालिका खेळतात, सगळे सामने वरच्या मानांकनाच्या मैदानावर. त्यानंतर पाचपैकी तीन, मग लीगची अंतिम सातपैकी चार, आणि दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीजही सातपैकी चार.

माझं म्हणणं असं की सहा महिन्यांच्या कामगिरीला ऑक्टोबरात जेवढं वजन मिळायला हवं तेवढं मिळत नाही. लीगमागे चारच संघ घ्या आणि सगळ्या मालिका सातपैकी चार करा. तुम्हाला काय वाटतं?

फिलीकर:
अजिबात मान्य नाही.

तुमच्या हिशेबाने २०२२ चे फिलीज बाद फेरीत आलेच नसते. आधीच्या दहा संघांच्या रचनेतही आले नसते, कारण वाइल्ड कार्डांत मेट्स १०१, पाद्रेस ८९ आणि आम्ही ८७. सहावी जागा त्याच वर्षी निर्माण झाली आणि ती आम्हाला मिळाली. २०११ नंतर फिलाडेल्फियात बाद फेरीचा एकही सामना झाला नव्हता. ब्रेव्ह्जविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात रीस हॉस्किन्सने तीन धावांचा होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा सीमापार फटका) मारला आणि बॅट दोन्ही हातांनी धरून जमिनीवर आपटली, त्या क्षणी मी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर होतो. लाल टॉवेल फिरत होते आणि पायाखालचं काँक्रीट हलत होतं, हे अक्षरशः सांगतोय. शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारून रडत होता. त्याच्यासोबत त्याचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. त्या मुलाला कळत्या वयात आपल्या गावात ऑक्टोबरचं बेसबॉल दिसलंच नव्हतं.

आणि फिलीज तिथे थांबले नाहीत. पाद्रेसना हरवलं, वर्ल्ड सिरीजमध्ये अ‍ॅस्ट्रोजना सहा सामन्यांपर्यंत खेचलं. हे सगळं "योग्यता नसताना आलेल्या" संघाने केलं का?

आकडेमोड:
भावना दोन्हीकडच्या खऱ्या आहेत, पण आधी एक गणित मांडतो.

समजा एक संघ दुसऱ्यापेक्षा इतका चांगला आहे की तो दर सामन्याला जिंकण्याची शक्यता ५५ टक्के. बाद फेरीच्या दर्जाच्या दोन संघांमधला हा फरक चांगला भक्कम आहे. अशा संघाची मालिका जिंकण्याची शक्यता:
तीनपैकी दोन – ५७.५ टक्के
पाचपैकी तीन – ५९.३ टक्के
सातपैकी चार – ६०.८ टक्के

म्हणजे पाचाचे सात केल्याने दीड टक्का फरक पडतो. तिसरा_बेस, तुमच्या प्रस्तावातला लांब मालिकांचा भाग खर्चिक आहे आणि हातात फारसं काही देत नाही. चांगला संघ खात्रीने जिंकावा असं वाटत असेल तर मालिका इतकी लांबवावी लागेल की दिवाळी उलटून जाईल.

बाय मात्र फार मोलाची आहे. याच संघाला चार मालिका जिंकायच्या असतील तर विजेतेपदाची शक्यता सुमारे १२.६ टक्के, तीनच जिंकायच्या असतील तर सुमारे २२ टक्के. त्यामुळे हंगामाला किंमतच नाही असं म्हणता येत नाही. किंमत आहे, ती बायच्या रूपात चुकती होते.

लेफ्टी_सिअ‍ॅटल:
बायवाल्या संघांचा हिशेब: २०२२ ते २०२५ या चार वर्षांत बाय मिळालेल्या संघांनी १६ मालिका खेळल्या आणि ९ जिंकल्या. पहिल्या दोन वर्षांत आठपैकी तीन, नंतरच्या दोन वर्षांत आठपैकी सहा. २०२३ नंतर "पाच दिवस बसून राहिल्याने बॅटरांचा हात गंजतो" अशी जी हाकाटी झाली ती आता कुणी करत नाही.

तिसरा_बेस:
आकडेमोड, गणित पटलं, पण एक गोष्ट त्यात येत नाही. १६२ सामने आणि बाद फेरी हे दोन वेगळे खेळ आहेत. हंगामात सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर (चेंडू टाकणारे) आलटून पालटून लागतात, कुणीतरी जखमी होतोच, मग सहावा-सातवाही लागतो. संघाची खोली कसाला लागते. ऑक्टोबरात मधे सुट्टीचे दिवस असतात, तीन-चार पिचरांवर भागतं. दोन जबरदस्त पिचर असलेला ८५ विजयांचा संघ तिथे १०५ विजयांच्या संघाच्या बरोबरीला येतो. म्हणजे तुमचे ५५ टक्के ऑक्टोबरात ५२ वर येतात. ज्या गुणासाठी तो संघ १०५ सामने जिंकला तोच गुण परीक्षेतून वगळला जातो, हे माझं दुखणं आहे.

आकडेमोड:
हे बरोबर. मग मालिका लांबवण्यापेक्षा मधल्या सुट्ट्या काढा. पाच सामने पाच दिवसांत, तर चौथा पिचर खेळवावाच लागेल.

फिलीकर:
फिलाडेल्फियाहून लॉस एंजलिस पाच-सहा तासांची विमानं. रात्री सामना संपवून दुसऱ्या दिवशी तिकडे कसा खेळवणार?

जुना_पाठीराखा:
मी १९७२ च्या शेवटी न्यू जर्सीत आलो आणि ७३ ला पहिला पूर्ण हंगाम पाहिला, म्हणून दोन शब्द.

१९६८ पर्यंत बाद फेरी नव्हतीच. प्रत्येक लीगचा अव्वल संघ थेट वर्ल्ड सिरीज खेळायचा. १९६९ ला डिव्हिजन झाल्या आणि लीगची पाचपैकी तीनची मालिका आली. ती १९८५ ला सातपैकी चार झाली. वाइल्ड कार्ड १९९४ ला येणार होतं, पण त्या वर्षी संपात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, म्हणून प्रत्यक्षात १९९५ ला आलं. २०१२ ला दुसरं वाइल्ड कार्ड, २०२२ ला तिसरं. आता "पूर्वी असं होत नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. १९७३ ला आमच्या मेट्सनी ८२ सामने जिंकून आणि ७९ हरून डिव्हिजन घेतली, ९९ विजयांच्या सिनसिनाटी रेड्सना ३-२ हरवलं आणि ओकलंडला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. चारच संघ होते तेव्हाही हे घडलं. २००६ ला कार्डिनल्स ८३ विजयांवर जगज्जेते झाले. लहान मालिकेत धक्के बसणारच.

मला खरी हळहळ वाटते ती सप्टेंबरची. १९९३ ला जायंट्सनी १०३ सामने जिंकले आणि बाद फेरीत गेले नाहीत, कारण त्यांच्याच डिव्हिजनमधल्या ब्रेव्ह्जनी १०४ जिंकले. शेवटच्या दिवशी जायंट्स डॉजर्सकडून १२-१ असे हरले. तिसरा_बेस, तुमच्या जखमेवर मीठ चोळत नाहीये. त्या सप्टेंबरात रोज संध्याकाळी दोन्हीकडचे स्कोअर ऐकल्याशिवाय आम्ही जेवत नव्हतो. आज १०३ विजयांचा संघ पंधरा-वीस दिवस आधीच निर्धास्त होतो.

लेफ्टी_सिअ‍ॅटल:
काका, सप्टेंबर मेलेला नाही, जागा बदललीय फक्त. २०२५ ला क्लीव्हलँड डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होतं आणि डिव्हिजन जिंकून गेलं. शेवटच्या दिवशी मेट्स मायामीत हरले म्हणून ८३ विजयांवर रेड्स आत आणि ८३ विजयांवरच मेट्स बाहेर.

जुना_पाठीराखा:
पाहिलं ते. पण ८३ विजयांसाठीची झुंज आणि १०३ विजयांसाठीची झुंज यांना एका तागडीत कसं घालू?

मृदुला_टोरांटो:
मेट्स-रेड्सचा मुद्दा निघालाच आहे तर माझी एक मागणी: १६३ वा सामना परत आणा. २०२१ पर्यंत जागेसाठी बरोबरी झाली की एक जादा सामना खेळून निकाल लागायचा. २०१८ ला एकाच दिवशी असे दोन झाले. २०२२ पासून तो बंद, आता आपसातल्या सामन्यांचा हिशेब काढतात. सहा महिन्यांनंतर दोन संघ बरोबरीत असतील तर मैदानात उतरू द्या की त्यांना. २०२२ ला मेट्स आणि ब्रेव्ह्ज दोघे १०१ वर होते. आपसात ब्रेव्ह्ज १०-९ पुढे, म्हणून ब्रेव्ह्जना बाय आणि मेट्सना वाइल्ड कार्डची फेरी, तिथे ते पाद्रेसकडून हरले. एवढा मोठा फरक कागदावर ठरवायचा?

फिलीकर:
या एका गोष्टीवर बहुधा सगळ्या धाग्याचं एकमत होईल. +१

आकडेमोड:
+१, आणि त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवला की झालं.

नवखा_पुणे:
दोन वर्षांपासून इथून बघतोय, सामने पहाटे साडेपाचला सुरू होतात ते बरंच पडतं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना नेहमीच्या नऊऐवजी १८ इनिंग चालला, तो संपला तेव्हा इथे दुपारचे बारा वाजून गेले होते आणि मी ऑफिसात हेडफोन लावून बसलो होतो.

माझा प्रश्न: आयपीएलसारखं का करत नाहीत? तिथे २०११ पासून पहिले दोन संघ आपसात खेळतात, जिंकणारा थेट अंतिम सामन्यात आणि हरणाऱ्याला दुसरी संधी. तिसऱ्या-चौथ्याला हरलं की घरी. वर राहिल्याचा फायदा सरळ दिसतो.

तिसरा_बेस:
चांगला प्रश्न. आयपीएलमध्ये ते एकेका सामन्यात उरकतं. इथे दुसरी संधी म्हणजे आणखी एक पूर्ण मालिका, म्हणजे आठवडाभर वाढ. वर्ल्ड सिरीज आधीच ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरपर्यंत जाते. डेट्रॉइट, शिकागोत तेव्हा हाडं गोठवणारी थंडी असते आणि चेंडू बोटांत बसत नाही.

ओसाकाकर:
मी बावीस वर्षं जपानात आहे, हानशिन टायगर्सचा भक्त. नवखा_पुणे यांना हवी असलेली गोष्ट जपानने वेगळ्या रीतीने केलीय.

इथे दोन लीग, सहा-सहा संघ. २००७ पासून दोन्हीकडे क्लायमॅक्स सिरीज आहे. दुसरा आणि तिसरा संघ तीनपैकी दोनची मालिका खेळतात, ती सगळी दुसऱ्याच्या मैदानावर. जिंकणारा अव्वल संघाकडे जातो आणि तिथे चार विजय मिळवणारा पुढे. पण अव्वल संघ मालिका सुरू होण्याआधीच १-० असा पुढे धरला जातो आणि सगळे सामने त्याच्याच मैदानावर होतात. ही एका विजयाची आघाडी २००८ ला आली. आदल्या वर्षी ती नव्हती, तेव्हा लीग जिंकलेल्या योमिउरीला दुसऱ्या क्रमांकाच्या चुनिचीने हरवलं आणि पुढे जपान सिरीजही जिंकली. त्यावर इथे बरंच वादंग झालं.

एवढं करूनही धक्के थांबले नाहीत. २०१० ला तिसऱ्या क्रमांकाचे चिबा लोट्टे जपान सिरीज जिंकले. २०२४ ला योकोहामा डीएनए तिसरे होते, ७१ विजय आणि ६९ पराभव. आधी आमच्या हानशिनला हरवलं, मग आघाडी घेऊन बसलेल्या योमिउरीला, आणि शेवटी सॉफ्टबँकला ४-२. तेव्हा फिलीकर, तुमच्यासारख्या संघाला दार बंद होत नाही, उंबरठा उंच होतो.

आणखी एक फरक आहे, जो मला अमेरिकेत नेहमी खटकतो. जपानात लीग जिंकणं हेच मुळात विजेतेपद मानलं जातं. ज्या रात्री ते नक्की होतं त्याच रात्री खेळाडू मैदानात जमून व्यवस्थापकाला हवेत उडवतात. हानशिनने २०२५ मध्ये ७ सप्टेंबरलाच लीग जिंकली, जपानी बेसबॉलच्या इतिहासात इतक्या लवकर कुणीही जिंकली नव्हती. मग जपान सिरीजमध्ये सॉफ्टबँककडून ४-१ हरलो. दुःख झालं, पण लीगचं विजेतेपद कुणी हिरावून घेतलं नाही. अमेरिकेत डॉजर्सचे १११ विजय दुसऱ्या आठवड्यात विसरले जातात.

आकडेमोड:
ओसाकाकर, आघाडीचं गणित आत्ता करून पाहिलं. पाचपैकी तीनच्या मालिकेत ५५ टक्केवाला संघ १-० ने पुढे धरला तर जिंकण्याची शक्यता ५९ वरून जवळपास ७६ टक्क्यांवर जाते. पाचाचे सात करून मिळत होता दीड टक्का, इथे मिळतात साडेसोळा. शिवाय सामना वाढत नाही, उलट जास्तीत जास्त चारच होतात.

ओसाकाकर:
कोरियातही हेच तत्त्व आहे. तिथे शिडीसारखी रचना: दहा संघांतले पाच पुढे, पाचवा चौथ्याशी, मग तिसऱ्याशी असं चढत जायचं, आणि अव्वल संघ वर कोरियन सिरीजमध्ये वाट बघत बसतो. चौथ्या-पाचव्याच्या लढतीत चौथ्याला एका विजयाची आघाडी, पाचव्याला लागोपाठ दोन जिंकावे लागतात. २०१५ ला ही लढत सुरू झाली आणि पाचवा संघ पहिल्यांदा पुढे गेला तो २०२४ ला, केटी विझ. म्हणजे दरवाजा खरंच जड आहे.

फिलीकर:
न खेळता मिळालेला विजय! फलकावर ०-० असताना आम्ही एक सामना हरलेले? हे फिलाडेल्फियात कुणाला समजावून सांगणार? आमच्याकडे स्वतःच्या खेळाडूंवरसुद्धा हुर्यो उडवतात.

मृदुला_टोरांटो:
मलाही आधी तसंच वाटलं. पण फिलीकर, फुकट मिळालेला नाहीये तो. सहा महिन्यांत मिळवलेला आहे. तसं पाहिलं तर बाय म्हणजेसुद्धा न खेळता जिंकलेली एक आख्खी मालिका, तिला आपण कुणी हरकत घेत नाही.

तिसरा_बेस:
मृदुलाताई, नेमकं बोललात. ओसाकाकर यांची आघाडी मला माझ्या आठ संघांपेक्षा बरी वाटते. फिलीकरांचा ऑक्टोबर राहतो आणि हंगामालाही वजन येतं.

पण आघाडी द्यायची तर ती योग्य संघाला मिळायला हवी, आणि इथे डिव्हिजनचा घोळ आडवा येतो. २०२३ ला टँपा बेच्या रेजनी ९९ सामने जिंकले, पण त्यांच्याच डिव्हिजनमध्ये ओरिओल्स १०१ वर, म्हणून रेजना चौथं मानांकन आणि वाइल्ड कार्डची फेरी. ९० विजयांच्या अ‍ॅस्ट्रोजना बाय. रेज घरच्या मैदानावर दोन सामन्यांत गारद. २०२५ ला यांकीज ब्लू जेजच्या बरोबरीने ९४ वर होते तरी चौथे, आणि ९० विजयांच्या मरिनर्सना बाय. त्याच वर्षी ८८ विजयांचं क्लीव्हलँड तिसरं, ८९ विजयांचे रेड सॉक्स पाचवे. सगळ्यात कहर २०२१. आमचे जायंट्स १०७, डॉजर्स १०६. एका विजयाच्या फरकाने डॉजर्सना ९० विजयांच्या कार्डिनल्सशी एकाच सामन्यात जगायचं-मरायचं ठरवावं लागलं. नवव्या इनिंगमध्ये क्रिस टेलरच्या होमरनने ते वाचले. आणि मग देशातले दोन सर्वोत्तम संघ भिडले कुठे, तर पाचपैकी तीनच्या मालिकेत.

डिव्हिजन जिंकणाऱ्याला बाद फेरीत जागा जरूर द्या. मानांकन मात्र विजयांवरच ठरवा.

लेफ्टी_सिअ‍ॅटल:
९० विजयांचे मरिनर्स म्हणजे आम्ही, तरी सहमत आहे.

मानांकनात आणखी एक भोक आहे. सध्या आराखडा गोठवलेला असतो: पहिला संघ चौथ्या-पाचव्याच्या विजेत्याशी, दुसरा तिसऱ्या-सहाव्याच्या विजेत्याशी. सहावा जिंकला तर सगळ्यात दुबळा प्रतिस्पर्धी दुसऱ्याला मिळतो, पहिल्याला नाही. २०२३ ला अव्वल ब्रेव्ह्जना ९० विजयांचे फिलीज मिळाले आणि दुसऱ्या डॉजर्सना ८४ विजयांचे डायमंडबॅक्स. दर फेरीनंतर नव्याने जोड्या लावायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम आहे.

जुना_पाठीराखा:
विजयांवर मानांकन द्यायचं तर सगळ्यांचे प्रतिस्पर्धी सारखे हवेत. पूर्वी ते शक्यच नव्हतं. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्या २९ संघांशी खेळतो, आपल्या डिव्हिजनमधल्या चौघांशी १३-१३. म्हणजे १६२ पैकी ५२ सोडले तर वेळापत्रक बरंचसं सारखं आहे. त्यामुळे आता ही मागणी रास्त आहे.

पण पुढची काळजी बघा. संघ ३० वरून ३२ करायचं घाटतंय. मग आठ डिव्हिजन, प्रत्येकीत चार संघ, अशी मांडणी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आहे. चौघांच्या डिव्हिजनमध्ये तिघं पडत्या काळात असले की ८० विजयांवरही विजेता निघेल. माझे १९७३ चे मेट्स अपवाद होते, ते नेहमीचे होऊन बसतील. दोन लीग, दोन-दोन डिव्हिजन, आठ-आठ संघ हे मला जास्त भावतं.

फिलीकर:
मालक मंडळी उलट दिशेला जातायत. २०२१-२२ च्या टाळेबंदीत (साथीच्या नव्हे, मालक-खेळाडूंच्या करारावरून झालेल्या) त्यांनी १४ संघ मागितले होते, बाय फक्त अव्वल संघाला. खेळाडूंच्या संघटनेने १२ वर अडवलं. तेव्हा झालेला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, म्हणजे १४ चा विषय पुन्हा टेबलावर येणारच. माझ्यासारखा सहाव्या जागेचा लाभार्थीसुद्धा इथे नाही म्हणेल. २०२० ला साथीच्या वर्षी ६० सामन्यांचा हंगाम आणि १६ संघ झाले, तेव्हा २९ विजय आणि ३१ पराभव असलेले दोन संघ आत आले होते. त्यातले अ‍ॅस्ट्रोज तर लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले. जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला संघ वर्ल्ड सिरीजपासून एका विजयावर! तिथे माझीही रेघ आहे.

नवखा_पुणे:
मालकांना जास्त संघ का हवेत ते कळतं, टीव्हीचा पैसा. खेळाडूंना नको का?

आकडेमोड:
खेळाडूंचा बाद फेरीचा निधी तिकीटविक्रीतून येतो, आणि तोही प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीच्या सामन्यांतून. मालिका मुद्दाम लांबवण्यात खेळाडूंना लाभ राहू नये म्हणून ही जुनी तरतूद. पण संघटनेची मुख्य भीती वेगळी आहे. ८० विजयांवर प्रवेश मिळणार असेल तर मालक चांगले खेळाडू घ्यायला पैसे कशाला सोडतील?

मृदुला_टोरांटो:
आता लेफ्टी यांना एक विचारायचंय. तीनपैकी दोनच्या मालिकेत सगळे सामने वरच्या संघाकडे, हे तुम्हाला पटतं का? २०२२ ला तुम्ही आमच्या टोरांटोत येऊन जिंकलात. दुसऱ्या सामन्यात आम्ही ८-१ पुढे होतो आणि १०-९ हरलो. ती दुपार मी अजून विसरलेली नाही.

लेफ्टी_सिअ‍ॅटल:
ताई, ती दुपार आमच्याकडे मात्र सणासारखी साजरी झाली. :)

पण तुमच्या प्रश्नातच माझी खरी तक्रार आहे. आम्ही २००१ ला ११६ सामने जिंकले आणि यांकीजकडून ४-१ हरलो. त्यानंतर २१ वर्षं बाद फेरी नाही. २०२२ ला अखेर आलो. टोरांटोतली मालिका सगळी तिकडे, मग ह्यूस्टनला दोन सामने, दोन्ही हरलो. आणि मग घरी एक सामना. १८ इनिंग, १७ पर्यंत ०-०. सहा तासांवर लोक जागेवरून हलले नाहीत. अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या पेन्याचा होमरन, १-० हरलो, संपलं. २१ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर शहराला मिळालेला हा एकच सामना. जपानसारखं सगळं वरच्याच्या मैदानावर केलं असतं तर तोही मिळाला नसता. म्हणून आघाडी द्या, पण मैदान पूर्ण काढून घेऊ नका. मरिनर्स आजवर वर्ल्ड सिरीज न खेळलेला एकमेव संघ आहे. आमच्यासारख्या गावांत लहान मुलं बेसबॉलकडे वळतात ती अशाच एखाद्या रात्रीमुळे.

ओसाकाकर:
जपानात अंतरं कमी, आणि पाहुण्या संघाचे पाठीराखे बाकांचा एक आख्खा भाग व्यापून ढोल-तुतारीसह येतात. सिअ‍ॅटलहून ह्यूस्टनला ते कसं व्हावं. लेफ्टी यांचं म्हणणं मला पटतं.

तिसरा_बेस:
मग सगळ्यांचं ऐकून आता असं मांडतो. १२ संघ राहू देत, एकही वाढवू नका. मानांकन फक्त विजयांवर, दर फेरीनंतर नव्या जोड्या, बरोबरी झाली तर १६३ वा सामना. बायवाल्या दोन संघांना पाचपैकी तीनच्या मालिकेत एका विजयाची आघाडी. सामने जास्तीत जास्त चार: पहिला खालच्या संघाच्या गावात, उरलेले तीन वरच्याच्या. म्हणजे सिअ‍ॅटलला घरचा एक सामना नक्की, आणि मालिका लांबली तर निर्णय १११ विजयांच्या संघाच्या अंगणात. पुढच्या दोन्ही फेऱ्या आहेत तशा सातपैकी चार. तिथे २०२५ सारखी वर्ल्ड सिरीज होणार असेल तर हात लावायची गरज नाही.

मृदुला_टोरांटो:
सातवा सामना, नववी इनिंग, आम्हाला दोनच बाद हवे होते आणि तिथे डॉजर्सच्या रोहासचा होमरन. त्या वर्ल्ड सिरीजला माझ्या घरात कुणी चांगलं म्हणत नाही, पण हो, रचनेला दोष देता येणार नाही. बाकी प्रस्तावाला माझं अनुमोदन.

जुना_पाठीराखा:
चार सामन्यांत पिचरांचं काय होईल याचाही विचार करा. पहिला सामना खालच्याने जिंकला की १-१, मग प्रवासाचा दिवस, आणि लागोपाठ तीन सामने एकाच गावात. मधे सुट्टी नाही. चौथा पिचर लागणारच. तिसरा_बेस, तुमची संघाच्या खोलीची तक्रारही यात सुटते.

आकडेमोड:
काका, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सलग तीन सामने एका गावात शक्य आहेत कारण प्रवास एकदाच. उत्तम.

फिलीकर:
पहिला सामना आमच्या गावात असेल तर एका विजयाचं ओझं घेऊन उतरायला मी तयार आहे. २०२२ ला अटलांटात १-१ करून आम्ही घरी आलो होतो. या हिशेबाने ०-१ असताना घरी सुरुवात, हॉस्किन्सचा होमरन पहिल्याच रात्री, आणि मग तिकडे जाऊन तीनपैकी दोन. तो संघ तेही करून आला असता असं मला वाटतं.

पण एक अट. आघाडी फक्त वरच्या संघाचे विजय किमान पाचने जास्त असतील तरच. ९१ विजयांचा संघ ९० वाल्यासमोर आधीच पुढे धरला जाणार असेल तर मी त्याच्या विरोधात आहे, आणि संघटनेनेही विरोधात राहावं.

तिसरा_बेस:
पाच की सात, यावर बोलू. २०२२ पासूनच्या सगळ्या १६ मालिकांना ही अट लावून कुठे आघाडी मिळाली असती ते काढतो आणि इथेच टाकतो. आकडेमोड, मदत लागेल.

आकडेमोड:
नॅशनल लीग तुम्ही घ्या, अमेरिकन मी घेतो.